एका वर्षानं मोठी आई

वय अठरा वर्षांनी वाढवून सांगितलं तर गवंड्याला मिळणार होतं ते असं: साठीच्या वरच्यांची वेगळी रांग, जी शेजारच्या रांगेच्या चौथाईसुद्धा नव्हती, छावणीत तंबूऐवजी पत्र्याच्या बराकीत जागा, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे बाजूच्या त्या खोलीत न जाणं, जिथे अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना 'जरा चौकशीसाठी' नेत होते आणि जिथून सकाळपासून एकही परत आलेला दिसला नव्हता. द्यायचं होतं ते काहीच नाही. एक आकडा, तोही तोंडी.

हा हिशेब गवंड्यानं केलेला नव्हता. बायको आणि नऊ वर्षांची पोर घेऊन अकरा दिवस चालत तो सीमेच्या फाटकाशी पोचला होता आणि त्या क्षणी त्याला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ होतं. हिशेब केला तो रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसानं. हा गृहस्थ मूळचा सायकली दुरुस्त करणारा, पण वाटेत भेटेल त्याला त्यानं इतके फुकट सल्ले वाटले होते की सगळे त्याला वकील म्हणू लागले होते. वकिलानं गवंड्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चुन्यानं खाल्लेली बोटं, उन्हानं फुटलेले गाल, आणि डोक्यावर पांढरे केस. निम्मे खरेच पांढरे, निम्मे रस्त्याच्या धुळीनं.

"बासष्ट सांग," तो कानाशी म्हणाला. "शोभून दिसतंय."

गवंडी चव्वेचाळीसचा होता. त्यानं बासष्ट सांगितलं. कारकुनानं मान वर केली, एकदा पाहिलं आणि लिहून टाकलं. जन्मतारीख म्हणून वर्षाचा पहिला दिवस घातला, कारण ज्याला तारीख सांगता येत नसे त्याला तिथे तीच मिळे; त्या छावणीतली निम्मी जनता एकाच दिवशी जन्मली होती. मागून वकिलानं ऐटीत एकसष्ट सांगितलं. त्याच्या काळ्याभोर मिशा बघून कारकून पोट धरून हसला आणि त्यानं बाजूच्या खोलीकडे बोट केलं. चार दिवसांनी वकील बाहेर आला तेव्हा मिशा नव्हत्या, समोरचे दोन दात नव्हते. सल्ले मात्र शाबूत होते.

तर असा तो आकडा. पुढे त्याला फळंही लागली. कुटुंबासह असलेल्या वृद्धांना दूरच्या देशात पाठवायची पहिली यादी निघाली, तीत गवंड्याचं नाव वरून सातवं होतं. फाटकावरच्या त्या दिवसानंतर चार वर्षांनी हे तिघं एका मोठ्या शहरात तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीत राहत होते. खिडकीखाली बस डेपो. बायको हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत घड्या घालायला जाई. पोरगी तेरा वर्षांची झाली होती आणि तिथली भाषा अशी बोलायची की आईबापांना घरातच परक्यासारखं वाटावं.

आणि गवंडी कागदावर सहासष्ट वर्षांचा होता, हाडांनी अठ्ठेचाळीसचा. पासष्टीच्या वरच्या माणसाला तिथे काम करायची परवानगी नव्हती. त्याला महिन्याचा भत्ता होता, बसचा पास होता, आणि आठवड्यातून तीनदा ज्येष्ठांच्या हॉलमध्ये खुर्चीत बसून हात वरखाली करायचे असत. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईनं सगळ्यांना जमेल तेवढंच करा म्हणून सांगितलं, तर यानं खुर्चीच एका हातानं डोक्यावर उचलली. बाईनं टाळ्या वाजवल्या. दोन आज्या तेव्हापासून रोज त्याच्या शेजारची जागा धरून ठेवू लागल्या. डॉक्टर त्याचे गुडघे दाबून बघायचा, वयाच्या मानानं चमत्कार आहे म्हणायचा आणि शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवायचा. लाँड्रीतल्या बायका गवंडिणीला विचारत, तुला न्यायला येतात ते वडील ना? ती म्हणे, हो, वडीलच. घरकामात तेवढाच उपयोग आहे.

हसण्यावारी न्यायला हे ठीक होतं. पण गवंड्याचे हात शिवशिवत. माणूस कुठेही गेला की बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघे: दवाखान्याची, शाळेची, जिन्याची. गिलावा पोकळ झाला असेल तर भांड्यासारखा आवाज येतो. तो ऐकला की त्याला रात्री झोप लागत नसे. सगळं शहर त्याला पोकळ वाजत होतं आणि त्याला थापी हातात धरायची बंदी होती.

या सगळ्यात एक माणूस मागे राहिलं होतं. गवंड्याची आई. गाव सोडायच्या दिवशी तिची बहीण अंथरुणाला खिळलेली होती. तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते, माझे पाय काही तुमच्यापेक्षा कमी नाहीत, असं सांगून म्हातारी बहिणीजवळ राहिली. बहिणीनं दीड वर्ष घेतलं. मग तिला पुरून म्हातारी खरोखरच एकटी चालत त्याच फाटकाशी आली, तेव्हा लेकाचं विमान उडून महिना झाला होता. कारकुनानं वय विचारलं. तिच्या कानाशी लागायला कुणी वकील नव्हता. तिनं खरं वय सांगितलं: चौसष्ट. ज्या साली गावच्या नदीवर पूल झाला त्या सालचा तिचा जन्म. सगळ्या घराण्यात पक्कं जन्मवर्ष असलेली ती एकटीच, आणि तिला त्याचा ताठा होता.

त्या देशाचा नियम असा होता की नीट राहणाऱ्या माणसाला आपले आईवडील, नवराबायको आणि अल्पवयीन मुलं यांना बोलावून घेता येई. भाऊबहीण नाहीत, काकामावशा नाहीत. गवंड्यानं आईसाठी अर्ज केला. अर्ज पोरीनं भरला, सुवाच्य अक्षरात, आजीचं जन्मवर्ष अगदी बिनचूक घालून. त्या घरात वजाबाकी पक्की येणारी तीच एक होती, पण ती करायला तिला कुणी सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी पत्र आलं. पोरगी दप्तर खांद्यावर तसंच ठेवून वाचू लागली आणि तिसऱ्या ओळीला फिसकन हसली.

"बाबा, ते म्हणतात आजी तुमच्यापेक्षा एका वर्षानं मोठी आहे."

बायकोही हसली. गवंडीही हसला. मग पोरीनं खालचा परिच्छेद वाचला, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. सहासष्ट वर्षांच्या माणसाला सदुसष्ट वर्षांची आई कशी, याचा खुलासा अर्जदारानं येत्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी समक्ष येऊन करावा. माहिती खोटी आढळल्यास संपूर्ण कुटुंबाच्या परवान्याची फेरतपासणी होईल, आणि तो रद्द झाल्यास कुटुंबाला जिथून आणलं त्या ठिकाणी परत पाठवलं जाईल.

त्या दिवसापासून गवंड्याच्या पायाला भिंगरी लागली. दीड खोलीत दारापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं होती, ती तो दिवसभर मोजत राही. बसून जेवेना. चहा घेऊन खिडकीशी जाई, कप तिथेच विसरे, परत येऊन दुसरा मागे. बायको म्हणाली, निदान चपला काढून फिरा, खालचे तक्रार करतील. मग तो चपला काढून फिरू लागला.

सल्ला घ्यायचा तर माणूस एकच होता. वकील आता तिसऱ्याच देशात कुठेशी पुन्हा सायकली दुरुस्त करत होता. फोनवर सगळं ऐकून घेऊन त्यानं क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला, सोपं आहे, म्हातारीला चौऱ्याऐंशीची कर.

छावणीत फोन होता तो फाटकाजवळच्या दुकानदाराच्या फळीवर, आणि तो रविवारी मिळे. एक बोलत असे आणि दहा जण ऐकत असत. गवंड्यानं दबक्या आवाजात वकिलाचा तोडगा आईला सांगितला.

"चौऱ्याऐंशी?" म्हातारी म्हणाली. "मी? त्या मेल्याला म्हणावं आधी स्वतःचे दात मोज, मग माझे मोजायला ये."

फळीभोवतीचे लोक हसल्याचा आवाज तीन देश ओलांडून आला. पण दातांचा मुद्दा खरा होता. छावणीच्या डॉक्टरनं तिला तपासून वयाची नोंद केली होती, आणि त्या दातांवर चौऱ्याऐंशी लिहायला कुणीच धजलं नसतं.

दुसरा तोडगा लाँड्रीतून आला. तिथल्या मुकादमीण बाईनं गवंडिणीला सांगितलं, त्यात काय एवढं, हल्ली रक्त तपासतात. आई असेल तर आई निघेल. गवंडिणीला हायसं वाटलं. घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा पोरगी अभ्यासातून मान न काढता म्हणाली की आई निघाली की मग बाबा सहासष्टचे निघत नाहीत. रक्त खरं बोललं असतं, आणि तेच तर नको होतं.

म्हणजे रस्ता एकच उरला: समोर जाऊन खरं सांगायचं आणि जे होईल ते सोसायचं. गवंड्याचं मन तिकडे झुकू लागलं तशी त्याची तगमग आणखीच वाढली. एका सकाळी त्यानं जिन्यातला फुगलेला गिलावा खरवडायला घेतला. इमारतीच्या रखवालदाराकडून शिडी मागून आणली, कुठूनसं भिजवलेलं सिमेंट आणलं, आणि दुपारपर्यंत पहिल्या मजल्याची भिंत अशी गुळगुळीत केली की शेजारीपाजारी हात फिरवून जाऊ लागले. रखवालदार खूश झाला, मग जरा विचारात पडला. आजोबा, या वयात तुम्ही शिडीवर कसे काय, असं त्यानं विचारलं. नेमकी तेव्हाच बायको कामावरून आली. तिनं शिडीचा पाय धरला, नवऱ्याला खाली उतरवलं, आणि घरात आल्यावर दार लावून घेतलं.

मग जे काही इतके दिवस दोघांच्या पोटात होतं ते बाहेर पडलं. तो म्हणाला, मला खरं सांगून मोकळं व्हायचंय. ती म्हणाली, मोकळे तुम्ही व्हाल, बांधली जाईल पोरगी. तो म्हणाला, ती माझी आई आहे. ती म्हणाली, हे मला चौदा वर्षं रोज ऐकवलंय तुम्ही, विसरेन कशी. शेवटी तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि आवाज खाली आणला.

"सासूबाईंच्या डोक्यावर पत्रा आहे, दोन वेळा पोटाला आहे. आपण तिघं परत गेलो तर त्यांना काय मिळणार हो? तीन जास्तीची तोंडं."

तो परत नऊ पावलं मोजू लागला. बुधवारी संध्याकाळी मात्र बायकोनं त्याचा एकुलता एक चांगला सदरा काढून इस्त्री केला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला.

त्याआधीच्या रविवारी त्यानं आईला सांगून टाकलं होतं की गुरुवारी मी खरं वय सांगणार. म्हातारी चिडली नाही, रडली नाही. तिनं एकेक प्रश्न विचारला. पोरगी कितवीत आहे? तिथली भाषा बोलते का नीट? सून कामावर कायम झाली का? तू खरं बोललास तर चौकशी किती दिवस चालेल? तो म्हणाला, माहीत नाही. तुमचा परवाना राहील का? तेही माहीत नाही. आणि मी कधी येणार? गवंड्यानं फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मग तिनं विचारलं, खिडकीतून थंडी येते म्हणाला होतास, ती नीट केलीस का? केली, तो म्हणाला.

मंगळवारी छावणीत पडद्यावर तिचीही मुलाखत होती. त्यानं तिला बजावलं, तू फक्त खरं तेच सांग, घाबरू नकोस.

"मी काय सांगायचं ते मला कळतं," म्हातारी म्हणाली. "तुला बोलायला मीच शिकवलंय."

गुरुवारी गवंडी कार्यालय उघडायच्या तासभर आधी पायरीवर होता. त्यानं तीन वाक्यं तयार केली होती आणि बसमध्ये, रस्त्यात, नंबराची चिठ्ठी घेताना तीच घोकत होता: मी अठ्ठेचाळीसचा आहे. फाटकावर मी खोटं बोललो. ती माझी आई आहे. बसायला बाक होता, पण त्याला बसवेना. तो भिंतीशी उभा राहिला आणि सवयीनं पेर वाजवून पाहिलं. पोकळ.

आतल्या टेबलाशी चष्मा कपाळावर चढवलेली बाई होती. अर्जाच्या सुरुवातीपासून त्याची फाइल तिच्याकडेच होती, आणि ती वाईट नव्हती, थकलेली होती. तिच्या शेजारी कार्यालयाचा दुभाषा बसला होता. स्वेटर घातलेला, पन्नाशी उलटलेला, बोलणं गवंड्याच्या मुलखाच्या शेजारचं. गवंड्यानं घसा साफ केला. पण बाईनं हात वर करून त्याला थांबवलं आणि चष्मा डोळ्यांवर आणून एक कागद पुढे ओढला.

ती बोलत गेली आणि दुभाषा सपाट आवाजात सांगत गेला. मंगळवारी छावणीतल्या त्या म्हाताऱ्या बाईंची मुलाखत झाली. त्यांनी सांगितलं की हा माणूस त्यांचा मुलगा नाही. शेजारी आहे, भिंतीला भिंत लागून घर. एका वयाची, बरोबर खेळलेली. गल्लीत लहानथोर सगळेच त्यांना आई म्हणतात, तसा तोही म्हणतो. त्यांना मागे कुणी नाही म्हणून त्यानं चांगुलपणानं अर्ज केला. त्याला इथले नियम कळत नाहीत, त्याला बोल लावू नये.

बाईनं पान उलटलं आणि दुभाषा पुढे सांगू लागला.

"त्याची खरी आई कुठे आहे, असं त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, ती वारली. चार वर्षांपूर्वी, ही मंडळी गावातून निघाली त्याच दिवशी. मी स्वतः बघितलंय, म्हणाल्या."

गवंडी खुर्चीत बसला. किती दिवसांनी तो असा बसला होता कोण जाणे.

टेबलाशी बसलेल्या बाईला हायसं वाटल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती म्हणाली की तुमच्या भागात शेजाऱ्यांनाही नात्यानं हाक मारतात हे तिला ठाऊक आहे, तेव्हा हा गैरसमज धरता येईल, खोटी माहिती नव्हे. फेरतपासणीची गरज नाही. अर्ज मागे घेतल्याची सही केली की फाइल बंद. तिनं पेन पुढे सरकवलं आणि विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का?

तीन वाक्यं तोंडात तयार होती. गवंड्यानं दुभाष्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, समजा मी म्हटलं की छावणीतली ती बाई खोटं बोलली, तर?

दुभाष्यानं हे भाषांतर करायला हवं होतं. त्यानं केलं नाही. बाईला वाटावं की तो सहीची जागा समजावतोय, असं त्यानं कागदावर बोट ठेवलं.

"तर तिनं सरकारी मुलाखतीत खोटं सांगितलं असं होईल. मग छावणीतलं तिचं नावही जातं, रेशनही," तो म्हणाला. "काका, सही करा."

तो गवंड्यापेक्षा चांगला पाचसहा वर्षांनी मोठा असेल.

म्हातारीनं दार नुसतं लावलं नव्हतं, आतून कडी घातली होती. आता खरं बोलायचं म्हणजे तिच्या ताटातलं काढून घ्यायचं. गवंड्यानं पेन उचललं. गिलाव्यावर सफाईनं फिरणारा हात सहीवर दोनदा अडला. बाईनं शिक्का मारला, कागद फायलीत घातला आणि फाइल डावीकडच्या गठ्ठ्यावरून उजवीकडच्या गठ्ठ्यावर ठेवली.

घरी त्यानं बायकोला सांगितलं तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी होती आणि तशीच पाठमोरी राहिली. तिथूनच म्हणाली, मी त्यांच्याबद्दल तसं बोलायला नको होतं. मग पोरीला सांगावं लागलं. तिनं विचारलं, म्हणजे आता आपण परत कधीच अर्ज करायचा नाही? बापानं मान हलवली. मेलेल्या माणसासाठी अर्ज करता येत नाही.

रविवारी फोन लागला. पलीकडे नेहमीचा गलका होता.

"आई," गवंडी म्हणाला.

"इथे दहा जण उभे आहेत," म्हातारी शांतपणे म्हणाली. "नंबर माझ्यानंतर कारकुनाच्या भावाचा आहे. सगळेच आई म्हणतात खरं, पण तुझ्या तोंडचं वेगळं ऐकू येतं. ताई म्हण."

त्याला काही केल्या ते जमेना. मग म्हातारीच बोलत राहिली: बराकीच्या छपराची दुरुस्ती झाली, शेजारणीला नात झाली, गुडघा बरा आहे. वेळ संपत आल्यावर तिनं विचारलं, पोरगी कशी आहे? अभ्यास करते, तो म्हणाला. बरं, ती म्हणाली, आणि तिनंच फोन ठेवला.

तर कुणाच्या पदरात काय पडलं, ते असं. गवंड्याला खोली राहिली, भत्ता राहिला, आणि ज्येष्ठांच्या हॉलमधली खुर्ची राहिली, जिच्यात त्याला यापुढे मरेपर्यंत अठरा वर्षं जास्तीचं बसायचं होतं. गवंडिणीची लाँड्री राहिली. पोरीची शाळा राहिली. चष्म्याच्या बाईची एक फाइल कमी झाली. दुभाष्याला काही मिळालं नाही, काही गेलंही नाही. आणि फाटकावर तो आकडा ज्याला सुचला त्या वकिलाला फोनवर सगळं कळलं तेव्हा तो म्हणाला, बघ, निभावलं की नाही.

निभावलं ते म्हातारीनं. तिनं स्वतःला मारून दाखवलं, पोटच्या पोराला शेजारी केलं, आणि त्यानंतरही दर रविवारी ती फळीशी येऊन आपला नंबर लावून उभी राहत होती.